वच्छलाबाईंचं निळं मेण

नागपुरात सीताबर्डीवरच्या कोणत्याही जुन्या रेडिओ मेकॅनिकपुढे वच्छलाबाई गोंडाण्यांचं नाव काढा, तो आधी मेणाबद्दल बोलेल. निळं मेण. रेडिओचं मागचं झाकण उघडलं आणि आतल्या चौकोनी पत्र्याच्या डब्यांच्या तोंडावर निळे ठिपके दिसले, की भलेभले हातातला पेचकस खाली ठेवायचे. बिघाड दुसरीकडे शोधा, इथं बाईचा हात फिरलाय, असं म्हणायचे. आता एवढा मान काही कोणी ताटात वाढून देत नाही. तो मिळायच्या आधी बाईंनी एकदा भर दुकानात मान खाली घातली होती, आणि तीही स्वतःच्या कामात काडीची चूक नसताना. तेच सांगायचं आहे.

वच्छला लग्न होऊन पाचपावलीत आली तेव्हा घरात हातमाग होता. सासऱ्यांना अख्खी वस्ती नानाजी म्हणायची, ती मामाजी म्हणायची. नानाजी विणायचे ते कापड जाडंभरडं, पण इमानदार. सून घरात आली तशी त्यांनी तिला कांड्या भरायला बसवलं. कांडी म्हणजे विणताना धोट्यात बसते ती सुताची नळी. सूत सैल भरलं तर विणताना गुंततं, ताणून भरलं तर तुटतं. पहिल्या दिवशी तिनं भरलेल्या कांड्या नानाजींनी एकेक करून उसवल्या आणि पुन्हा तिच्या पुढ्यात ठेवल्या. ती रडली, रागावली, आणि परत भरायला बसली. महिन्याभरानं तिच्या कांड्या वस्तीतले दुसरे विणकर मागायला यायला लागले, तेव्हा नानाजी दारात उभे राहून सांगायचे, "माझ्या सुनेचा हात आहे. माझ्या मागालेच पुरत नाई, तुमाले कुठून देऊ."

पण मागाचे दिवस भरले होते. यंत्रमागाचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि नानाजींचा माग खड्ड्यात नुसताच बसून राहिला. नवरा ताराचंद मिलमध्ये पाळीवर जायचा. एकोणसत्तर-सत्तरच्या सुमारास कळलं की बर्डीवर मधुकरराव म्हणून एक जण 'पारवा' नावाचे ट्रान्झिस्टर बनवतो आणि त्याला गुंडाळीच्या कामाला बाया पाहिजेत. वस्तीत कुजबूज झाली. सून बर्डीवर जाणार, तीही रेडिओच्या दुकानात. नानाजींनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "सूत काय अन् तार काय, हात तोच लागते. जा वं तू. यायले रेडिओ ऐकायले पाह्यजे, फक्त बनवणारी यायच्या घरची नको."

तर ती गेली. काम होतं आयएफटीचं. इंटरमीडिएट फ्रिक्वेन्सी ट्रान्सफॉर्मर असं त्याचं लांबलचक नाव, पण दुकानात सगळे आयएफच म्हणायचे, नाहीतर नुसतं डबी. हरभऱ्याएवढ्या रिळावर केसाहून बारीक तार गुंडाळायची, तिच्यावर पत्र्याची डबी बसवायची, आणि डबीच्या तोंडात एक छोटा काळसर गाभा, ज्याला वरून स्क्रूसारखी खाच असते. हे कशाला, असं नानाजींनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. वच्छलानं मागाकडे बोट दाखवलं.

"मामाजी, फणीतून धागे कसे येतात? ज्याचं घर त्यानंच यावं लागते. हवेत पन्नास टेशनं एकदम बोलून राहिले असतात. रेडिओ ज्याले धरते त्याले एकाच मापात आणते, अन् मग या डब्या त्याच मापाचं तेवढं पुढं सोडतात. बाकीच्याले दारातच थांबवतात."

"म्हणजे फणीच आहे," नानाजी म्हणाले. सुनेचं काम आपल्याला कळलं याचा त्यांना इतका आनंद झाला की वस्तीत पुढे महिनाभर ते दिसेल त्याला रेडिओतली फणी समजावत सुटले.

गुंडाळीत वच्छलाला कोणी मागं टाकू शकलं नाही. पण ती काही तेवढ्यावर थांबणारी बाई नव्हती. तिची नजर असायची कोपऱ्यातल्या टेबलावर. तिथं भैयाजी मेकॅनिक बसायचे. संचातल्या सगळ्या डब्या एका सुरात लावायचं काम त्यांचं. ऑसिलेटर नावाच्या यंत्राचा आवाज संचात सोडायचा, मीटरच्या काट्यावर डोळा ठेवायचा, आणि एकेका डबीचा गाभा किंचित खाली, किंचित वर फिरवत जिथं आवाज सगळ्यांत भरतो तिथं सोडायचा. केसभर इकडं-तिकडं झालं की रेडिओ बहिरा. लोखंडी पेचकस चालत नाही, लोखंड जवळ आलं की सूर बदलतो. वच्छलानं घरच्या मागाची एक बांबूची पट्टी घासून स्वतःचा पेचकस केला आणि जेवणाच्या सुट्टीत भैयाजींच्या शेजारी जाऊन बसायला लागली. भैयाजी दिलदार माणूस. त्यांनी हाकललं नाही, उलट एकदा म्हणाले, "बाई, काट्याकडं नका पाहू. कानानं पाहा. काटा मागून येते."

मग भैयाजींनी कामठीला स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं आणि टेबल रिकामं व्हायची वेळ आली. वच्छला सरळ मधुकररावांपुढे जाऊन उभी राहिली. टेबल मला द्या म्हणाली. मधुकरराव वाईट नव्हते, पण घाबरट होते. बाईमाणूस टेबलावर बसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हीच त्यांची पहिली काळजी. शेवटी म्हणाले, "भिवापूरच्या दुकानदाराचा लॉट आहे. मिरची निघाली की तिकडे रेडिओ खपतात. तो लॉट तुम्ही लावा. एकही संच परत आला नाही तर टेबल तुमचं."

लॉट तिनं लावला. भैयाजी बाजूला बसून ऐकत होते आणि एकदाही मध्ये बोलले नाहीत. आता लावलेले संच झाकण उघडं ठेवून बराच वेळ वाजते ठेवावे लागतात, म्हणजे काही कच्चं असेल तर लगेच कळतं. दुकानात जागा नव्हती. वच्छला म्हणाली, माझ्या घरी मागाचा खड्डा आहे, त्यावर फळ्या टाकते.

त्या संध्याकाळी पाचपावलीत असा काही मेळा भरला, की विचारू नका. फळ्यांवर ओळीनं रेडिओ, आणि सगळ्यांतून एकच बाई एकाच वेळी बातम्या सांगतेय. बायका लेकरं घेऊन आल्या. नानाजी पलंगावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "सारे तिनंच लावले. एकटीनं." वच्छलानं प्रत्येक संच कानाशी घेऊन तपासला, बंद केला, आणि समाधानानं झोपली.

सकाळी ती नळावर पाण्याच्या रांगेत गेली. परत आली तोवर बापूजी रिक्षावाला दारात येऊन घंटी वाजवत होता. तिनं घाईघाईनं झाकणं लावली, संच गोणपाटात बांधले आणि रिक्षात चढली. पुन्हा एकदा वाजवून बघायचं तिला सुचलं नाही. चूक म्हणायची तर तिची एवढीच.

दुकानात मधुकररावांनी पहिला संच लावला. नुसतं सूं... सूं. नागपूर केंद्र, जे इथून दगड मारला तर लागेल, ते विहिरीच्या तळातून बोलल्यासारखं येत होतं. दुसरा संच तसाच. तिसराही. भैयाजींनी मान वर केली आणि परत खाली घातली. वच्छला संचाजवळ आली. काल संध्याकाळी आपल्या कानांनी ऐकलं ते काय होतं मग?

तिनं एकाचं झाकण उघडलं. सगळे गाभे फिरवून पार तळाशी गेलेले. घट्ट. आणि प्रत्येक खाचेत तेलाचा एक बारीक थेंब चमकत होता. तिनं बोटानं टिपून नाकाशी धरला. जवसाचं तेल.

वच्छलाला एका क्षणात सगळं कळलं. माग चालता होता तेव्हा रोज सकाळी नानाजींचं पहिलं काम म्हणजे मागाचा खुंटी-पेच सगळा आवळायचा आणि प्रत्येकावर जवसाच्या तेलाचा थेंब सोडायचा. सैल मागावर कापड बिघडतं. उभ्या जन्माची सवय. ती पाण्याला गेली असताना म्हाताऱ्यानं उघड्या रेडिओत डोकावून पाहिलं असणार, आणि पाहिलं तर काय, सुनेचे सगळे पेच सैल. कोणी अर्धा वर, कोणी पाऊण वर. ऐन परीक्षेच्या दिवशी सुनेचं काम ढिलं जाऊ नये म्हणून त्यांनी मायेनं, एकही न सोडता, सगळे आवळून टाकले होते.

"काल तर चांगले वाजत होते म्हणता," मधुकरराव म्हणाले. "मग घरी कोणी हात लावला का?"

एक वाक्य पुरलं असतं. तेवढं बोलली असती तर टेबल तिचं होतं. पण तिला दिसत होतं ते पुढचंही. दुकानातली पोरं हसली असती. ही गोष्ट बर्डीवरून पाचपावलीत गेली असती, आणि जो माणूस दारात उभा राहून सगळ्या वस्तीला सुनेची फुशारकी सांगत होता, त्याच्याच मागे लोकांनी खिदळायला सुरुवात केली असती. माग गेला तेव्हा त्यांनी खूप ऐकून घेतलं होतं. आता सुनेच्या निमित्तानं आणखी ऐकायचं?

"कोणीच नाही लावला," वच्छला म्हणाली. "माझंच काम कच्चं राहिलं. संध्याकाळपर्यंत सारे परत लावून देते, भाऊ."

ती लगेच कामाला बसली. बांबूचा पेचकस घेऊन एकेक गाभा हलकेच वर आणू लागली. आणि काम करता करता तिच्या लक्षात एक गोष्ट आली. हे गाभे फार ठिसूळ असतात. शिकाऊ पोरानं जरा जोर लावला की कट्कन फुटतात. नानाजींनी तळापर्यंत आवळले होते, पण त्यातला एकही फुटला नव्हता, एकाही खाचेची कड उडाली नव्हती. असा हात आहे आमच्या म्हाताऱ्याचा, हे तिला तशातही वाटून गेलं, आणि डोळे भरून आले.

भिवापूरचा दुकानदार दिवेलागणीला आला, प्रत्येक संच वाजवून खूष होऊन घेऊन गेला. लॉट वाचला. पण मधुकररावांनी तिला बाजूला बोलावलं. "बाई, एका रात्रीत सगळे सरकले, म्हणजे हात पक्का नाही. टेबलासाठी मी दुसऱ्या माणसाशी बोलतो. तुमचं गुंडाळीचं काम आहेच." ती बरं म्हणाली. दुसरं म्हणणार काय.

घरी नानाजी ओट्यावर वाटच बघत होते. "कसे वाजले?"

"चांगले वाजले, मामाजी."

"वाजणारच. तू पाण्याले गेली तं मी पाह्यलं, सारे पेच सैल. आवळून देल्ले सारे. तेल बी लावलं." म्हाताऱ्याचा चेहरा असा काही फुलला होता, की वच्छलानं फक्त "बरं केलं" म्हटलं आणि चहा ठेवायला आत गेली.

पण खरं कुठं लपून राहतं का. घरात एक रेडिओ होता, वच्छलानं स्वतःच्याच डब्यांचा बनवलेला. दुकानाचे इतके आवळले, मग घरचाच का सैल ठेवायचा, म्हणून नानाजींनी त्याचंही झाकण काढलं. ती पोळ्या लाटत होती. थोड्या वेळानं रेडिओ घेऊन ते स्वयंपाकाच्या दारात येऊन उभे राहिले.

"वच्छला, हा काहून बोलत नाई वं?"

तव्यावरची पोळी तिनं उलटली, परत उलटली.

नानाजींनी रेडिओचं बटण पुन्हा फिरवून पाहिलं. मग हळूच म्हणाले, "तेही असेच झाले का?"

"लावले मी परत. गेले ते भिवापूरले."

"अन् टेबल?"

तिनं पोळी ताटात टाकली आणि "जेवाले बसा" म्हणाली. नानाजी बसले नाहीत. "मले सांगतलं काहून नाई?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि ताटाला हात न लावता ओट्यावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी वच्छला गुंडाळीच्या यंत्रावर बसली होती. दुकानाच्या दारात नानाजी उभे दिसले. धुतलेलं धोतर, डोक्यावर टोपी, काखेत तो मुका रेडिओ. पाचपावलीहून चालत आले होते. ती घाईनं उठली, "मामाजी, घरी चला," म्हणाली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंच नाही. काउंटरपुढे जाऊन मधुकररावांना जयभीम घातला.

"मालक, कालचे रेडिओ मी बिघडवले. पेच सैल दिसले, आवळून टाकले. तिले मालूम नव्हतं."

दुकानातलं काम थांबलं. एक पोरगा हसलाच. भैयाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुढे हसला नाही. मधुकरराव गोंधळले. "पण बाई तर म्हणाल्या, त्यांचंच काम कच्चं राहिलं."

"खोटं बोलली," नानाजी म्हणाले. "माझी लाज राखाले बोलली. तिचं काम कच्चं राहत नाई. कांडी भरायले मीच बसवलं होतं तिले, तुमच्याहून जास्त वर्सं पाहून राहिलो तिचा हात. मी जन्मभर माग चालवला, मालक. माझं नाव गेलं तं चालते, माझा माग बी गेला. तिचं नाव माझ्यापायी जाऊ देणार नाई." मग काखेतला रेडिओ काउंटरवर ठेवला. "हा बी मीच आवळला. तुमच्यासमोर लावू द्या तिले."

वच्छलाला राग आला होता आणि रडूही येत होतं. पण तिनं दोन्ही बाजूला ठेवलं आणि भैयाजींच्या टेबलावर जाऊन बसली. या वेळी ऑसिलेटरला हातही लावला नाही. बांबूचा पेचकस घेतला, डोळे मिटले आणि कानानं पाहायला लागली. सूं-सूं करणारा रेडिओ हळूहळू बोलता झाला, मग भरला, मग दुकानाबाहेरची माणसं वळून बघायला लागली. नानाजींची छाती धोतराच्या वर इंचभर तरी फुगली असेल.

भैयाजी उठले. "भाऊ, काल तिनं ते सारे गाभे एका दिवसात वर आणले, तेव्हाच मी बोलायले पाह्यजे होतं. बाहेरून माणूस कायले आणता? उद्यापासून मी कामठीले चाललो. टेबल बाईचंच आहे."

मधुकररावांनी मान डोलवली. घाबरट माणूस, पण कबूल केलं की केलं. फक्त म्हणाले, "एक करा. लावून झालं की गाभ्यावर मेण सोडत जा. नाहीतर उद्या आणखी कोणी आवळेल."

"मेण निळं करा," नानाजी मध्येच म्हणाले. सगळे बघायला लागले तशी त्यांनी सांगितलं. दीक्षा घेतली त्या सालापासून ते विणलेल्या प्रत्येक कापडाच्या काठात एक निळा धागा टाकत आले होते. बाजारात कुठेही कापड उलटलं आणि तो धागा दिसला, की घेणाऱ्याला कळायचं हे कोणाच्या मागावरचं. "कापड तं गेलं," ते म्हणाले, "निळा राहू द्या."

तेव्हापासून धुण्याची नीळ मिसळलेल्या मेणाची एक वाटी वच्छलाबाईंच्या टेबलावर कायम असायची. आणि वाटीपाशी नानाजी. रोज नाही, पण लॉट निघायचा त्या दिवशी ते बर्डीवर हजर. सुनेनं डबी लावली की हे मेणाचा थेंब सोडणार आणि गरम असतानाच अंगठ्याच्या नखानं हलकेच दाबणार. पेच आवळायची हौस म्हाताऱ्यानं अशी भागवून घेतली. तेल मात्र वच्छलानं घरीच कडीकुलपात ठेवलं.

नानाजी गेले त्याला काही वर्षं लोटली होती. ब्याऐंशी साल असेल. टेबलावर आता वच्छलाबाईंच्या हाताखाली दोन पोरी शिकत होत्या, त्यातली सिंधू जरा जास्तच उत्साही. सावनेरच्या कोळसा खाणीतला एक माणूस जुना पारवा घेऊन आला. आवाज तुटक येतो म्हणाला. सिंधूनं झाकण उघडलं, डब्या पाहिल्या आणि हात पेचकसाकडे नेला.

वच्छलाबाईंनी संच आपल्याकडे ओढला. डब्यांवर धुळीनं मळलेलं निळं मेण होतं, आणि प्रत्येक ठिपक्यात नखाची एक बारीक चंद्रकोर उमटलेली. एकही फुटलेली नव्हती. इतक्या वर्षांत, कोळशाच्या धुळीत, कोणीही त्यांना हात लावलेला नव्हता. बाईंनी पदरानं ती धूळ पुसली. बिघाड स्पीकरच्या तारेत होता, तिथं त्यांनी कथिलाचा एक डाग दिला.

"अन् आयएफ नाही पाहायचे का?" सिंधूनं विचारलं.

"त्याले हात लावू नको वं," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमच्या मामाजीचं काम आहे. पक्कं आहे."

त्यांनी रेडिओ लावला. सावनेरचा माणूस थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग संच काखेत मारून बसस्टँडकडे गेला.